नाकेदारसाहेबांचा जुम्मा

माणूस आजारी पडला की बिडात वैद्य होते, हकीम होते, डॉक्टर होते. मोटार आजारी पडली की मात्र एकच, नाकेदारसाहेब. ते येऊन नुसते शेजारी उभे राहिले तरी मालकाच्या जिवात जीव यायचा. हातात बांबूची काठी असायची. तिचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं स्वतःच्या कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि मालकाला सांगायचं, "आता तुमी बोलू नका." मग पाच मिनिटं, दहा मिनिटं ते त्या काठीतून काय ऐकायचे देव जाणे. मालक बिचारा घाम पुसत उभा. शेवटी डोळे उघडून म्हणायचे, "तिसऱ्या सिलिंडरात दुखतंय तिच्या." दुखतंय म्हणायचे, बिघडलंय कधी म्हणायचे नाहीत.

ही निजामाच्या अमलातली गोष्ट आहे. बिडात तेव्हा मोटारी असून असून किती असणार? एक डॉक्टरांची. एक जिनिंगवाल्या शेठजींची. एक तेलगावकडच्या देशमुखांची, ते दर आठवड्याला बिडाला यायचे. आणि चौथी माझी. माझी वकिली नवी होती आणि अंगात रग फार. मोटारीतून कचेरीत गेलो की मोठे अशील मिळतील अशी माझी समजूत. म्हणून नगरच्या एका गृहस्थाची जुनी गाडी उचलून आणली. मोठे अशील काही मिळाले नाहीत, गाडी मात्र गळ्यात पडली.

आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण रस्ते म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. त्यात बाभळीचे काटे आणि बैलांच्या नालांचे पडलेले खिळे. दहा कोस जायचं तर दोनदा चाक उतरवायचं, हे धरूनच घरातून निघायचं. पेट्रोल नगरहून पत्र्याच्या डब्यांतून यायचं आणि डबा तळाला गेला की त्यात पाणी आणि गंज. नद्यांवर पूल नव्हते. वाळूत गाडी रुतली की काठावरच्या गावातून बैलजोडी मागवायची. आम्हा चौघांपैकी एकानंही बैलांची मदत न घेता कधी लांबचा प्रवास केला नव्हता. तरी मिशीला पीळ होताच.

नाकेदारसाहेबांना नाकेदार म्हणायचं कारण, ते करोडगिरीत होते. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. इंग्रजी मुलखातून, नगरच्या बाजूनं कडा गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर त्यांचा नाका होता. वीस-बावीस वर्षं ते त्या माळावर एका खोलीत राहिले. नाकेदाराला जीव कोण लावणार हो? गाडीवान लांबूनच तोंड फिरवायचा. व्यापारी गोड बोलून सटकायचा. आसपासच्या बाया रडणाऱ्या पोराला भीती घालायच्या की गप बस, नाकेदार येईल. मोटारवाले तर खालीसुद्धा उतरायचे नाहीत, बसल्या जागेवरून कागद पुढे करायचे, धुरळा उडवायचे आणि जायचे.

पण एखादी मोटार नाक्यापाशीच बंद पडायची. मग तोच साहेब खाली उतरायचा, खोलीत येऊन बसायचा, पाणी मागायचा, डबा उघडून "घ्या ना तुम्हीपण" म्हणायचा, आणि गाडी सुरू होईपर्यंत आपल्या घरादाराच्या गोष्टी सांगायचा. कधी दोन तास, कधी अख्खा दिवस. नाकेदारसाहेब मोटारीचं काम शिकले ते असं. "चालत्या गाडीतला मानूस कुनाचाच नसतो वकीलसाहेब," ते मला म्हणायचे. "बंद पडला की आपला हुतो." आम्ही हसायचो. आम्हाला तो विनोद वाटायचा.

नोकरी संपल्यावर ते बिडाला आले. नदीच्या अंगाला एक लहान घर घेतलं आणि येताना एक मोटार आणली, तीसुद्धा तीन बैलजोड्या लावून ओढत. कुण्या कंत्राटदाराची ती गाडी नाक्यावर मागचा दांडा, म्हणजे चाकांचा आस, मोडून पडली होती. न्यायला माणूस पाठवतो म्हणून तो गेला तो गेलाच. पुढे सरकारनं ती लिलावात काढली तेव्हा ह्यांनी घेतली. अंगणात चार दगडी जोत्यांवर ती ठेवली होती. चाकं काढून घरात उभी केलेली. रोज सकाळी आंघोळ झाली की ते तिच्यात जाऊन बसायचे, इंजिन सुरू करायचे, पाव घटका चालू ठेवायचे, एकदा भोंगा वाजवायचे आणि उतरायचे. देशमुखांनी एकदा विचारलं, "अहो चाकं लावा की तिला. मागचा दांडा मी आणून देतो हैदराबादेहून." तर म्हणाले, "चाकं लावली तर जायला लागंल. जायचं कुनाकडं?" देशमुखांनी विषय बदलला.

तेव्हा आपल्याकडे सुट्टी रविवारची नव्हती, जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची होती. कचेऱ्या बंद, शाळा बंद. दर जुम्म्याला सकाळी आम्ही चौघं आपापल्या गाड्या घेऊन नाकेदारसाहेबांच्या अंगणात जमायचो. कसं सुरू झालं ते आठवत नाही. आधी डॉक्टर गेले असतील, मग त्यांचं पाहून बाकीचे. ओसरीवर चार खुर्च्या, चारही वेगवेगळ्या घरांतून आल्यासारख्या. ते स्वतः काळी शेरवानी घालून, टोपी घालून, जणू काही खात्याचा मोठा साहेब, मोहतमीम, तपासणीला येणार आहे अशा थाटात दारात उभे असायचे. चहा त्यांच्याच हातचा, भयंकर गोड. चिवडाही त्यांच्याच हातचा आणि तो नेहमी थोडा करपलेला. आम्ही मुकाट्यानं खायचो, कारण हा माणूस रुसला तर गाडी कोण बघणार?

आणि सल्ले तरी काय एकेक. पेट्रोलची टाकी गळायला लागली तर कपडे धुण्याचा साबण ओला करून भोकावर दाबायचा, पेट्रोल साबणाला विरघळवत नाही. पावसात पुढच्या काचेवरून काही दिसेना झालं तर ओली तंबाखू काचेवर चोळायची. मधेच ट्यूब पार फाटली आणि दुसरी जवळ नसली तर टायरमध्ये गवत कोंबायचं, घट्ट, आणि बैलाच्या चालीनं घरी यायचं. शेठजींचा ड्रायव्हर पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळायचा, त्यावर नाकेदारसाहेब खवळले होते. "धोतरातून पानी जातं बे. पानी जातं म्हनून तर ते अंगावर वाळतं. जुनी फेल्टची टोपी घे, तिच्यातून गाळ." शेठजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीखाली घातली.

देशमुखांचा विश्वास वेगळ्या शास्त्रावर. त्यांची गाडी चढावर दम सोडायची. ते म्हणाले, "मला वाटतं दृष्ट लागली. बाभुळगावच्या पाटलानं परवा लई वेळ टक लावून पाहिलं तिच्याकडं."

"मग काय केलं तुमी?" नाकेदारसाहेबांनी विचारलं.

"लिंबू कापून चाकाखाली घातलं."

"चांगलं केलं. लिंबानं पाटलाचं भागलं. आता प्लग काढून घासा, म्हंजे गाडीचंबी भागंल."

असा तो माणूस. त्या अंगणात आम्ही पोट धरून हसलोय. पण एक खोड होती त्यांना, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते कधी सगळं सांगायचे नाहीत. प्लग घासायला सांगितलं तर घासून किती फट ठेवायची ते सांगायचे नाहीत. ब्रेक आवळायला सांगितलं तर डाव्या चाकाचा सांगायचे, उजव्याचा ठेवायचे. "उरलेलं पुढच्या जुम्म्याला," म्हणायचे आणि चहाचं आधण ठेवायला उठायचे. आम्हाला वाटायचं ही त्यांची पद्धत असेल. वैद्य नाही का सात दिवसांच्या पुड्या देत, तशी. आणि दर वेळी, उठायच्या आधी, ते एक प्रश्न विचारायचे, "मधी कुठं लांब जायचं हाय का?" आपण नाही म्हटलं की मान हलवायचे. हा प्रश्न ते कशासाठी विचारतात ह्याचा विचार मी कधी केला नाही. ते विचारायचे, आपण उत्तर द्यायचं.

त्या साली पावसानं ओढ दिली होती. श्रावणाची अमावास्या जवळ आली तरी नद्यांना घोटाभर पाणी. माझ्या गाडीचा रेडिएटर गळायला लागला. जुम्म्याला घेऊन गेलो. त्यांनी काठी लावली नाही, नुसतं वाकून पाहिलं आणि म्हणाले, "घरात हळद हाय का? मूठभर टाका पान्यात. भोक आपोआप बुजंल."

मी हसलो. पण घरी जाऊन टाकली, आणि खरंच, तासाभरात गळणं बंद. हळद फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते, एवढं साधं.

निघताना त्यांनी विचारलं होतं, "मधी कुठं लांब जायचं हाय का?"

मला जायचं होतं. बुधवारी पोळा होता आणि तेलगावच्या अलीकडे माझी सासुरवाडी. मोटारीतून जावई येणार म्हणून तिकडे आठ दिवसांपासून बोलणी चालली होती. पण खरं सांगितलं असतं तर त्यांनी अर्धा तास बसवून घेतलं असतं, हे बघा, ते बघा. मला कंटाळा आला होता. मी म्हणालो, "नाही."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "उरलेलं पुढच्या जुम्म्याला."

बुधवारी मी, बायको आणि फळांची करंडी असे निघालो. मी नवा कोट घातलेला. अर्ध्या वाटेवर गाडी तापायला लागली. चढ संपून नदीत उतरलो, आणि बरोबर पात्राच्या मध्यावर झाकणातून वाफेचा लोट उठला, इंजिनानं दोन आचके दिले आणि गप्प झालं. मागची चाकं वाळूत बसली. काठावरच्या गावातली पाच-सहा माणसं धावत आली, जोर लावून पाहिला, चाकं आणखी खाली गेली.

"बैल आणा," मी म्हणालो. नेहमीचंच होतं ते.

माणसं माझ्याकडे बघत राहिली. एक म्हातारा शेतकरी पुढे झाला. "साहेब, आज पोळा हाय. काल सांजंला खांदे मळलेत बैलांचे, हळद-लोनी लावून. आवतन दिलंय त्यांना. आज त्या खांद्यावर जू कोन ठेवंल?"

मी बिडाचा वकील, घरात पंचांग, पोळ्यालाच निघालेलो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. साऱ्या मुलखात ज्या एका दिवशी बैल जुंपायचा नसतो त्या दिवशी मी मोटार नदीत घातली होती. मी म्हणालो पैसे देतो. म्हातारा म्हणाला, "पैशाचं न्हाई साहेब. वर्सात एकच दिस हाय त्यांचा."

मग सुरू झाला तमाशा. दुपार कलल्यावर गावाचे बैल नदीवर आले. अंगावर झुली, शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, पुढे हलगी. बैलांना पाणी दाखवायचं तर नदीवरच आणणार, आणि नदीत मी. सगळं गाव माझ्या मोटारीभोवती जमलं. कुणी म्हणालं, "हिलाबी झूल टाका रे." कुणीतरी खरंच पोतं आणून टाकलं. पोरांनी पुढच्या दोन्ही दिव्यांना हिंगूळ फासला. कपाळावर बाशिंग बांधलं. एक बाई बैलांना ओवाळून तशीच ताट घेऊन मोटारीपाशी आली आणि तिनं तिलाही ओवाळलं. ती थट्टा करत नव्हती हो. "मुकं जनावर हाय, बसलंय बिचारं," असं म्हणून तिनं पुरणपोळीचा तुकडा तोडून रेडिएटरवर ठेवला. तेव्हा माझी बायको हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. सगळ्या गावाचं हसणं मी पचवलं असतं, ते एक हसणं पचलं नाही.

पोळा फुटल्यावर गडी मोकळे झाले. वीस जणांनी दोर लावून गाडी काठावर घेतली. सासुरवाडीला आम्ही पायी पोचलो, चिखलानं माखलेले, आणि तोवर जेवणं उरकली होती.

दुसऱ्या दिवशी कसाबसा बिडाला आलो आणि डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, "हळद टाकली आणि धुवून काढली नाहीत? दोन-तीन दिवसांत सगळं पाणी काढून टाकायचं असतं, नाहीतर ती आतल्या नळ्यांतच घट्ट बसते. मला नाकेदारांनी दुसऱ्या जुम्म्याला सांगितलं होतं."

दुसऱ्या जुम्म्याला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी शेठजींकडे गेलो, देशमुख गावात होते त्यांनाही गाठलं. कुणाला काय सांगितलं, केव्हा सांगितलं, काय मागे ठेवलं. वकीलच तो, साक्षीपुरावे गोळा केले. प्रत्येकाला अर्धंच सांगितलं होतं. दर वेळी.

त्या जुम्म्याला नाकेदारसाहेब दारात उभे होते. शेरवानी, टोपी. चिवडा काढलेला. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानंच बोललो, कचेरीत बोलतो तसं, आवाज चढवून, एकेका गाडीचं नाव घेऊन. म्हणालो, तुम्हाला सगळं ठाऊक असतं आणि तुम्ही मुद्दाम निम्मं पोटात ठेवता. आम्हाला झुलवता. माझी चारचौघांत फजिती झाली, उद्या डॉक्टरांची गाडी एखाद्या अडलेल्या बाईकडे जाताना बंद पडली तर?

ते ऐकत होते. काठी दोन्ही हातांत धरलेली. मी थांबल्यावर म्हणाले, "व्हय. आर्धंच सांगतो."

"कावून?" देशमुखांनी विचारलं.

नाकेदारसाहेब म्हणाले, "समदं एकदम सांगितलं असतं तर तुमी फिरून आला असता का?"

 शेठजी पायातल्या जोड्याकडे बघत होते. तेव्हा एकजण जरी "आलो असतो की" म्हणाला असता, खोटं का होईना, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आणि आणखी एक. त्यांनी मला विचारलं होतं. मधे कुठं लांब जायचं आहे का, असं विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. ते तेव्हा एवढंच म्हणाले असते की वकीलसाहेब, तुमीच खोटं बोललात, तर माझा सगळा दावा तिथेच कोसळला असता. त्या प्रश्नाचा अर्थ मला तिथे उभ्या उभ्या कळला. निम्मं मागे ठेवायचे, पण गाडी घरीच राहणार असेल तरच. अडलेल्या बाईकडे निघालेल्या डॉक्टरांना त्यांनी कधीच अर्धवट सोडलं नसतं. हे मला कळलं, आणि मी बोललो नाही. वकील आपल्याविरुद्धचा पुरावा कशाला पुढे आणील? तेही बोलले नाहीत. माझ्याकडे एकदा पाहिलं फक्त. ही गोष्ट मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेली नाही.

"कागद-पेन्सील घ्या," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आधी माझी हळद कशी धुवायची ते. मग डॉक्टरांचा मॅग्नेटो, शेठजींचे ब्रेक, देशमुखांचा चढ. नुसतं आज दुखतंय ते नाही, पुढे काय दुखेल, तेव्हा काय करायचं, कोणता आवाज आला तर घाबरायचं आणि कोणता आला तर खुशाल जायचं. जेवणाची वेळ टळून गेली. आम्ही लिहीत होतो आणि ते सांगत होते, काही राहू नये म्हणून मधेच मागे जाऊन पुन्हा सांगत होते. चहा झालाच नाही. शेवटी म्हणाले, "झालं. आता माज्यापाशी कायी न्हाई."

कागद घडी करून खिशात घातले आणि आम्ही उठलो.

त्या कागदांचा गुण असा की आमच्या गाड्या धडधाकट झाल्या. माझी गाडी तशी आयुष्यात कधी चालली नव्हती. पुढच्या जुम्म्याला मी गेलो नाही. डॉक्टर गेले नाहीत. कुणी ठरवून नाही हो, कुणाच्या मनात राग नव्हता. काम नव्हतं, एवढंच. दर जुम्म्याला वाटायचं, बाकीचे गेले असतील. नंतर कळलं की प्रत्येकालाच तसं वाटत होतं.

दोन-तीन जुम्मे त्यांनी वाट पाहिली असावी. मग एका जुम्म्याला सकाळीच ते माझ्या फाटकाशी आले. शेरवानी, टोपी, काठी. पायी.

"गाडी कशी हाय?"

"झकास," मी म्हणालो.

"पानी गळतं?"

"नाही."

"चढावर आवाज?"

"अजिबात नाही. तुमचा कागद आहे ना."

"बरं हाय, बरं हाय," म्हणाले आणि थोडा वेळ उभे राहिले. मी आत या म्हणालो नाही. कचेरीचे कागद पुढ्यात होते, पण तेवढंच कारण नव्हतं. मग ते डॉक्टरांकडे गेले, तिथून शेठजींकडे. पाहुण्यारावळ्यांची खुशाली विचारावी तशी ते दर जुम्म्याला आमच्या मोटारींची खुशाली विचारत गावभर फिरायला लागले. डॉक्टर दारातूनच बरी आहे म्हणायचे. शेठजींचा गडी सांगायचा, शेठ झोपलेत. बाजारातले लोक हसायचे, की नाकेदाराची सवय गेली नाही, अजून गाड्या तपासतोय.

मी टाळायला लागलो. लोकांना वाटलं असेल कंटाळा आला. कंटाळा नव्हता, लाज होती. तो माणूस समोर येऊन गाडी कशी हाय म्हणाला की मला माझं ते "नाही" आठवायचं.

असाच एक जुम्मा. मी सकाळीच एका अशिलाच्या गावाहून आलो होतो. गाडी लिंबाखाली लावली, उतरलो, आणि कोपऱ्यावर ती टोपी दिसली. मी सरळ माजघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "नाही म्हणून सांग."

"घरात असून?" ती म्हणाली.

"सांग म्हटलं ना."

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते. पण सांगितलं. "ते बाहेरगावी गेलेत, काका. बसा ना, चहा करते." मी आत बसून राहिलो. बसा कशाला म्हणायचं हिनं? ती चहा घेऊन गेली. दाराआडून सगळं ऐकू येत होतं.

"गाडी कशी हाय, बाई?"

"बरी असेल. गाडीचं राहू द्या काका. तुम्ही कसे आहात?"

बराच वेळ आवाज नाही. कपबशीचाही नाही. मला वाटलं गेले.

"मी व्हय," ते म्हणाले. "थांबा, सांगतो. कुनी इचारलं न्हाई लई दिवसांत, तर एकदम सुचंना."

"घरी कोण असतं?"

"कोन न्हाई. बायको होती, नाक्यावर असतानाच गेली. गावापासून लांब, मानसं वेळंवर आली न्हाईत." मग म्हणाले, "भाऊ होता. त्याची पोरं हायत. त्यांना मी आठवत नसल."

पाच वर्षं मी त्या माणसाच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांच्या हातचा करपलेला चिवडा खाल्ला होता. त्यांना बायको होती हे मला त्या दिवशी, दाराआड लपलेला असताना कळलं.

"अजून जरा बसू का?" त्यांनी विचारलं.

"बसा की," बायको म्हणाली, आणि तीही तिथेच उंबऱ्यावर बसली.

मी उठायला हवं होतं. दोन वेळा उठलोही. पण आता बाहेर जाऊन काय सांगणार, कुठून आलो म्हणणार? बसलो पुन्हा. थोड्या वेळानं काठी टेकल्याचा आवाज आला. खिडकीच्या गजांतून पाहिलं. ते पायऱ्या उतरून चालले होते, लिंबाखाली गाडीपाशी थांबले. इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. तिथेच ठेवून उभे राहिले.

झाकण तापलेलं होतं. मला येऊन तासही झाला नव्हता.

त्यांनी घराकडे पाहिलं, खिडकीकडे नाही, नुसतं घराकडे. मग मोठ्यानं, आतपर्यंत ऐकू येईल असं म्हणाले, "बाई, साहेब आले की सांगा. गाडी लांबून आली की पान्याचं झाकन लगीच उघडू नये. वाफंनं हात भाजतो. घटकाभर निवू द्यावी." आणि फाटक नीट लावून घेऊन गेले.

बायको आत आली.  तिनं त्यांची कपबशी उचलली, धुवून पालथी घातली आणि मागच्या अंगणात निघून गेली.

पुढच्या जुम्म्याला मी सकाळपासून ओसरीवर बसलो. दोन खुर्च्या मांडल्या, चहा ठेवायला सांगितला. आले की सगळं सांगायचं ठरवलं होतं, नदीचं, माझ्या खोटेपणाचं, चौघांदेखत जे बोललो त्याचं. दुपार झाली, ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या जुम्म्यालाही नाहीत. त्यांचं घर माझ्या घरापासून चालत पाव तासावर होतं, पण जायचा धीर होईना. तिसऱ्या जुम्म्याला गाडी काढली आणि गेलो.

दाराला कुलूप होतं. अंगणातली जोती रिकामी. शेजारचा माणूस ओट्यावर सुतळी वळत बसला होता. म्हणाला, "सोमवारी गेले की. गाडी भंगारवाल्याला दिली, बैलगाडीत वळकटी टाकली आन् गेले."

"कुठं गेले?"

"ते कुनी इचारलं न्हाई, साहेब."

मी थोडा वेळ त्या ओसरीवर बसलो. मग गाडीपाशी आलो आणि हँडल मारलं. ती पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली, आणि घरी येईपर्यंत कुठेही थांबली नाही.